छंदाचा रकाना

विवाह जुळविण्यासाठीं मुलामुलींचीं जीं टिपणें हल्लीं घरोघर फिरतात, त्यांत जन्मतारीख, उंची, गोत्र, शिक्षण आणि मिळकत यांच्या खालीं 'छंद' असा एक रकाना असतो, हें वाचकांनीं पाहिलेंच असेल. आमच्या वडिलांच्या पिढींत हा रकाना नव्हता. मुलीस स्वयंपाक येतो कीं नाहीं, पेटीवर दोन पदें वाजवितां येतात कीं नाहीं, एवढी चौकशी होई. तिला स्वतःला काय आवडतें हें विचारण्याची वेळ बहुधा लग्नानंतर पांचदहा वर्षांनीं येई, आणि कित्येकींच्या वांट्यास ती आलीच नाहीं. तेव्हां रकाना आला ही गोष्ट चांगलीच झाली. पण त्यांत लोक लिहितात काय? वाचन, संगीत आणि प्रवास! गेल्या दोन वर्षांत आमच्या हातांखालून जीं टिपणें गेलीं त्यांतील बहुतेक या तीन शब्दांवर भागविलेलीं होतीं. हे शब्द म्हणजे पाहुण्यांपुढें ठेवावयाचे कांदेपोहेच होत. कोणास बाधत नाहींत आणि कोणाच्या लक्षांतही रहात नाहींत.

आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येनें मात्र त्या रकान्यांत एकच शब्द लिहिला, आणि तो होता 'कुंभारकाम'. मुलगी शिकलेली आहे, एका औषधांच्या कंपनीच्या कचेरींत नोकरी करते, आणि गेलीं चार वर्षें दर रविवारीं एका कार्यशाळेंत जाऊन चाकावर मातीचीं भांडीं घडविते. आमचें एकत्र बिर्‍हाड गिरगांवांत, ठाकुरद्वाराच्या अलीकडे एका जुन्या चाळींत आहे. तेथील गॅलरीच्या कठड्यापाशीं तिनें केलेले पेले, वाडगे आणि एक किंचित् वांकडी सुरई ओळीनें मांडलेलीं असतात. टिपण धाडण्यापूर्वीं आमच्या वडील भगिनींनीं तें वाचलें आणि त्या म्हणाल्या, "अगं, बागकाम लिही. माती दोहींतही आहे."

"पण आत्या, मला झाडं जगवतां येत नाहींत," असें मुलीनें उत्तर केलें, आणि शब्द तसाच राहिला.

त्या एका शब्दापायीं तीन स्थळें परत गेलीं. एका घरीं 'मुलगी जरा वेगळ्या वळणाची दिसते' असा निरोप आला. दुसर्‍यांनीं 'हें आपल्यांतलें काम नव्हे' असें स्पष्टच कळविलें. तिसर्‍यांनीं कांहींच कळविलें नाहीं. वाचकहो, ज्या बहुल्यावर आपल्या वाडवडिलांचीं लग्नें लागलीं त्याच्या चारी कोपर्‍यांस मडक्यांच्या उतरंडी रचलेल्या असत. संक्रांतीस सुवासिनी सुगडें पुजतात. आणि अखेरच्या वाटेवरही बरोबर मडकेंच असतें. ज्याच्या हातच्या वस्तूंवांचून आपला एकही संस्कार पुरा होत नाहीं त्याचें काम मात्र 'आपल्यांतलें नव्हे', ही समजूत आम्हांस कधीं उमगली नाहीं. असो.

चौथें स्थळ दादरचें. मुलगा येऊन मुलीस पाहून गेला होता, दोघेंजण नंतर दोनतीनदां बाहेर भेटलींही होतीं. मग मुलाच्या मातुःश्रींनीं आमच्या सौभाग्यवतींना दूरध्वनि करून विचारलें, "कुंभारकाम ती घरीं करते कीं बाहेर? घरीं करायचं तर चाकाला जागा किती लागते?" हा प्रश्न ऐकून आमच्या भगिनींनीं कपाळास आंठ्या घातल्या, आम्हांस मात्र तो फार आवडला. त्या शब्दास शोभेचा शब्द न समजतां एक खरीखुरी, वजन असलेली, जागा अडविणारी वस्तु समजणारें हें पहिलेंच माणूस होतें. तेव्हां आषाढांतल्या एका रविवारीं आम्ही, सौभाग्यवती आणि मुलगी अशीं तिघेंजण गिरगांवांतून दादरास घर पहावयास निघालों. मुलीचे आईबाप आधींच एकदां जाऊन आले होते. लोकलनें गेलों असतों तर पाऊण तासांत पोंचलों असतों. पण पाऊस उघडला होता आणि मुलीच्या मनांत वाटेंत भायखळ्यास उतरावयाचें होतें, म्हणून आम्हीं बस पसंत केली.

बसमध्यें बसल्याबरोबर सौभाग्यवतींनीं हिशेब मांडला. आमच्या तीन खोल्यांत एक पुरुषभर उंचीचें कपाट आहे आणि तें जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांनीं भरलेलें आहे. हा आमचा छंद. "आपलं लग्न ठरलं तेव्हां त्या चाकाला जागा किती लागते, असं कोणी विचारलं होतं का हो?" कोणीं विचारलें नव्हतें, ही गोष्ट खरी आहे. मुलाचा छंद म्हणजे त्याचा स्वभाव आणि मुलीचा छंद म्हणजे घराची अडचण, अशी आपल्याकडे जुनी वाटणी आहे, आणि ती करण्यास कोणीं कधीं सभा भरविल्याचें ऐकिवांत नाहीं.

भायखळ्यास राणीच्या बागेंत रविवारची गर्दी होती. ही बाग १८६२ सालीं खुली झाली. आतां तेथें पेंग्विन आल्यापासून मुलेंबाळें आधीं तिकडे धांवतात, त्यामुळें शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत त्या मानानें शांतता असते. तें १८७२ सालीं या इमारतींत लोकांस खुलें झालें. आम्हीं पूर्वीं अनेक वेळां पाहिलें असूनही त्यांतील एका प्रकाराकडे आमचें लक्ष कधीं गेलें नव्हतें, तो म्हणजे मुंबईच्या कलाशाळेंत घडलेलीं मातीचीं भांडीं. ही कलाशाळा, म्हणजे आपलें जे. जे. स्कूल, १८५७ सालीं सुरू झाली. तेथें १८७० नंतरच्या दशकांत जॉर्ज टेरी नांवाच्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं मातीकामाचा कारखाना चाले. त्यासाठीं सिंधकडील कारागिरांची विद्या आणली होती. मुलगी त्या भांड्यांपुढें इतका वेळ उभी राहिली कीं पहारेकर्‍यास शंका यावी. झिलईचा निळा रंग भट्टींत जाण्यापूर्वीं निळा दिसत नाहीं. तो पुष्कळदां मळकट राखेसारखा असतो, आणि आंच किती लागली यावर त्याचें नशीब ठरतें, असें तिनें आम्हांस समजावून दिलें. म्हणजे घडविणारानें जें रंगविलें तें त्याला स्वतःला दुसर्‍या दिवशीं भट्टी उघडल्यावरच दिसावयाचें. आम्हांस हें अगदींच नवें होतें. सौभाग्यवती म्हणाल्या, "स्थळ पाहण्यासारखंच कीं!" आणि त्या पुढें निघाल्या.

लालबागेंत उतरण्याचें कारण गणपति. आषाढ लागला कीं परळ-लालबागेंत ताडपत्र्यांचे मांडव उभे रहातात आणि त्यांच्याखालीं बिनरंगाचे, बिनडोळ्यांचे गणपति रांगेनें बसूं लागतात. गणेश गल्लीचा सार्वजनिक गणपति १९२८ पासूनचा आणि लालबागचा राजा १९३४ पासूनचा. तेथें भाद्रपदांत आमच्यासारख्यांचा निभाव लागत नाहीं, म्हणून आम्ही हे महिने पसंत करितों. एका लहानशा कार्यशाळेंत शाडूच्या घरगुती मूर्ती चालल्या होत्या. सासरे सोंड घडवीत होते, मुलगा सांचे उघडीत होता आणि सून डोळे आंखीत होती. मागल्या बाजूस कुकराच्या शिट्या ऐकूं येत होत्या. म्हणजे माती आणि चूल यांमध्यें एका पडद्याचें अंतर! मुलीनें त्या सूनबाईंना विचारलें, "मोरी तुंबत नाहीं का हो?" त्यांनीं ब्रश खालीं न ठेवितां सांगितलें, "मोरींत सोडायचीच नाहीं. बादलींत निवळूं द्यायची, वरचं पाणी ओतून टाकायचं, खालची माती परत घ्यायची." मुलगी हें जाणूनच होती, पण तिला तें आमच्या देखत दुसर्‍याच्या तोंडून वदवून घ्यावयाचें होतें, असा आम्हांस दाट संशय आहे.

या भागांत जागेचा प्रश्न नवा नाहीं. गिरण्यांच्या दिवसांत येथें एका खोलींत पंधरावीस माणसें पाळीपाळीनें निजत. एक पाळी कामावर गेली कीं दुसरीनें वळकटी पसरावी. अशा ठिकाणीं छंद खोलींत मावणें शक्यच नव्हतें, म्हणून तो रस्त्यावर आला. भजनी मंडळें, लेझीम, कबड्डी आणि नाटकें हीं सारीं गिरणगांवांतील मैदानांत आणि चाळींच्या चौकांत वाढलीं. ना. म. जोशी यांनीं १९११ सालीं सोशल सर्व्हिस लीग स्थापिली; तिच्या परळच्या आवारांतील दामोदर नाट्यगृहांत कामगारांनीं आणि कोंकणांतल्या मंडळींनीं कित्येक वर्षें आपल्या हौसेचीं नाटकें केलीं. १९८२ च्या जानेवारींत संप सुरू झाला, गिरण्या त्यांतून पुनः पूर्वीसारख्या उठल्या नाहींत, आणि चौकांतले ते खेळही विरळ झाले. सरकारनें १९२० नंतर बांधलेल्या बी. डी. डी. चाळी वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथें मिळून २०७ होत्या, आणि त्यांतील एकेक खोली १६० चौरस फुटांची. आतां त्यांच्या जागीं ५०० फुटांचीं घरें होत आहेत. त्या वाढलेल्या फुटांत पहिली जागा सोफ्यास मिळेल, दुसरी दूरदर्शनास, आणि कोणाच्या तबल्याची पाळी केव्हां येईल तें सांगवत नाहीं; पण खोली लहान म्हणून छंद नाहीं, ही सबब मात्र गिरणगांवानें कायमची खोटी पाडिलेली आहे.

परळ आम्हीं बसमधूनच पाहिलें. के. ई. एम. १९२६ चें, टाटा १९४१ चें. त्या दारांशीं उभ्या असलेल्या माणसांच्या देखत छंदाच्या गप्पा मारीत हिंडणें प्रशस्त नव्हे.

दादर पूर्वेस दादासाहेब फाळके मार्ग आहे. दुपारचे चार वाजले नव्हते आणि आम्हांस साडेचारचा वेळ दिलेला होता, म्हणून आम्हीं तेथें पायीं एक फेरी मारिली. छंदाविषयीं बोलावयाचें आणि फाळक्यांविषयीं बोलावयाचें नाहीं हें होणें नाहीं. हा गृहस्थ छायाचित्रें काढी, ठसे करून छपाई करी, जादूचे प्रयोग करी. त्याच्या टिपणांतला छंदाचा रकाना पुरवणी जोडूनच भरावा लागला असता! १९११ च्या सुमारास गिरगांवांत, आमच्या घरापासून फार दूर नाहीं अशा ठिकाणीं, अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या नांवाचें खेळघर होतें. तेथें त्यांनीं आपल्या मुलास नेलें. मुलानें घरीं येऊन पडद्यावर जनावरें चालतांना पाहिल्याचें आईस सांगितलें, तें कोणास खरें वाटेना. म्हणून दुसर्‍या दिवशीं फाळके सगळ्या कुटुंबास घेऊन पुनः गेले, असें सांगतात. त्या दिवशीं येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट होता. पडद्यावर ख्रिस्त दिसत असतां त्यांच्या डोळ्यांपुढें राम आणि कृष्ण उभे राहिले, आणि तेथून पुढें या छंदानें त्यांच्या संसाराची सूत्रें आपल्या हातीं घेतलीं. रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि प्रयोग करून त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली. ती परत आल्यावर विम्याचा कागद गहाण पडला. १९१२ च्या फेब्रुवारींत ते विलायतेस गेले, एप्रिलांत परतले, आणि कुंडींतला एक अंकुर कसा वाढतो याचें चित्र त्यांनीं प्रथम घेतलें. पुढें दादरच्या मुख्य रस्त्यावरील मथुराभवन या बंगल्यांत 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत तो लोकांपुढें आला.

हें सारें शाळेच्या पुस्तकांत आहे. मार्गाची पाटी वाचून आमच्या सौभाग्यवतींनीं एवढेंच विचारलें, "एवढ्या माणसांचा स्वयंपाक कोण करी?"

तो सरस्वतीबाई करीत. लग्न १९०२ सालचें. पदरीं लहान मुलें. आणि मथुराभवनांतल्या सगळ्या मंडळीचें जेवण त्यांच्यावर. पण तेवढ्यावर भागत नव्हतें. विलायतेहून येणार्‍या फितीस कडेचीं भोकें पाडलेलीं नसत. तीं यंत्रानें अंधारांत एकामागून एक पाडावीं लागत, आणि तें काम रात्रीं चुलीचें आंवरल्यावर त्या करीत. फीत धुण्याचीं रसायनें त्या मिसळीत. दिवसा चित्रण चालूं असतां उन्हाचा उजेड पात्रांवर पडावा म्हणून पांढरी चादर धरून उन्हांत उभ्या रहात. पैसा कमी पडला तेव्हां अंगावरचे दागिने उतरवून दिले. तारामतीच्या कामाला कोणी बाई मिळेना, तेव्हां तें साळुंके नांवाच्या, एका उपाहारगृहांत काम करणार्‍या पुरुषाकडून करून घेतलें गेलें. रोहिदास झाला घरचाच मुलगा. त्या काळीं शेजारपाजारच्यांस हें वेडच वाटलें असल्यास नवल नाहीं. ज्या छंदानें पुढें देशांत एवढा मोठा धंदा उभा केला, त्याची सारी यंत्रशाळा आरंभीं एका गृहिणीच्या स्वयंपाकघराला लागून होती. छंदाला जागा किती लागते हा प्रश्न म्हणूनच आम्हांस निम्मा वाटतो. चादर कोण धरतो, हा दुसरा निम्मा आहे. आणि लग्नाचें टिपण कितीही लांबविलें तरी त्यांत हा रकाना कोणीं घातल्याचें आम्हीं पाहिलेलें नाहीं.

घरांतील बायकांच्या विरोधाविषयीं एक शब्द येथें सांगणें अवश्य आहे, कारण आमची भीति तीच होती. रमाबाई रानडे यांचें लग्न १८७३ सालीं, त्यांच्या अकराव्या वर्षीं झालें. न्यायमूर्तींनीं त्यांस शिकविण्यास आरंभ केला; पण घरांतील वडील स्त्रियांनीं त्या वाचनाचा जो जाच केला तो रमाबाईंनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेविला आहे. नवरा अनुकूल असून भागत नाहीं. माजघर अनुकूल असावें लागतें. नवर्‍याचा कल दोन भेटींत समजतो, माजघराचा तेथें जाऊन बसल्यावांचून समजत नाहीं.

मुलाचें घर हिंदु कॉलनींतील एका गल्लींत, जुन्या इमारतीच्या दुसर्‍या मजल्यावर आहे. चहापोहे झाले. मुलाच्या टिपणांत 'प्रवास' लिहिलेलें होतें, त्याची आम्हीं आठवण करतांच त्याच्या मातुःश्री म्हणाल्या, "दादर ते अंधेरी, रोज." मग त्यांनीं पदर खोंचला आणि आम्हां सर्वांस मागच्या गॅलरींत नेलें. तेथें भिंतीला भिंत धरून तीन दोर्‍या होत्या आणि त्यांवर पावसाळ्यांतले न वाळणारे कपडे.

"चाक इथें बसेल," त्या म्हणाल्या. "पण मला आधीं तीन गोष्टी सांग. मोरी तुंबली तर?"

मुलीनें बादलीचा प्रकार सांगितला. लालबागचा दाखला आम्हीं जोडला.

"भट्टी? ती काय गॅलरींत पेटवणार?"

"नाहीं. भांडं पुरं वाळलं कीं कार्यशाळेंत न्यायचं. तिथं विजेची भट्टी आहे, हजार अंशांच्या आसपास तापते. घरीं आग नाहीं."

"बरं. आतां तिसरी. ही मधली दोरी मी गेलीं तेवीस वर्षं इथें बांधते आहे. तूं सहा महिने करून सोडून देणार असलीस तर मी ती कशाला हलवूं?"

आमच्या छातींत क्षणभर धस्स झालें. ही वेळ गोड बोलण्याची होती; जन्मभर करीन असें म्हणून मोकळें होतां आलें असतें. मुलगी दोरीकडे पहात म्हणाली, "सोडणार नाहीं असं वचन नाहीं देतां यायचं मला. चार वर्षं करते आहे. सोडलं तर चाक मी विकीन आणि दोरी मी स्वतः बांधून देईन, तुम्हांला सांगावं लागणार नाहीं."

मातुःश्री थोडा वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "मातीची बादली किती जड होते ठाऊक आहे का? ती रोज उचलणार कोण? मी नाहीं उचलायची, माझे गुडघे गेले आहेत." मुलगा म्हणाला, "मी उचलीन." "सगळ्यांच्या देखत म्हणालास हं," त्या म्हणाल्या. आमच्या सौभाग्यवतींनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं खालच्या गल्लींतल्या झाडाकडे पाहिलें.

यानंतर टेप आला. गॅलरी साडेतीन फूट रुंद आणि आठ फूट लांब भरली. चाकास, बसण्यास आणि वाळत ठेवण्याच्या फळीस मिळून मुलीनें पांच फूट मागितले, साडेचारावर तडजोड झाली. उरलेल्या जागेंत तुळस रहाणार होती. ती हलविण्याची गोष्ट कोणीं काढली नाहीं. मग मातुःश्रींनीं मातीच्या भांड्यांत दही कां घट्ट लागतें तें विचारलें. मातीच्या सच्छिद्र भांड्यांत दह्यांतलें पाणी शोषलें जातें आणि भांडें बाहेरून गारही रहातें, म्हणून त्याला आंतून झिलई देतां कामा नये, हें मुलीनें त्यांस इतक्या तपशिलानें सांगितलें कीं चहा दुसर्‍यांदा करावा लागला. शेरभर दुधाचें एक भांडें त्यांनीं तेथल्या तेथें सांगून टाकलें आणि किंमतही विचारली. मुलीनें किंमत सांगितली! आमच्या भगिनी तेथें नव्हत्या, हें एक बरें झालें.

मुहूर्त मार्गशीर्षांतला निघाला आहे. कार्यालय दादरासच पाहणें चालूं आहे. नायगांवच्या बाजूस मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या रस्त्यावरच शारदा मंगल कार्यालय आहे. संग्रहालय १८९८ सालचें. लग्न लावून यावें आणि येतांना पुस्तक बदलून आणावें अशी तेथें सोय असल्यामुळें आमचें मत तिकडे आहे. बहुल्याच्या चारी कोपर्‍यांस उतरंडी असाव्या असें भगिनींनीं सुचविलें असून तीं मडकीं विकत आणावयाचीं नाहींत, असें मुलीनें बजावलें आहे. मधली दोरी दीड हात पुढें सरकवावयाची आहे, आणि तिचा खिळा चातुर्मास संपण्यापूर्वीं नवरदेवांनीं ठोकावयाचा आहे.